मांजराला शुगर, आणि वर पोटाची तक्रार

गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्या दुखण्यावर आपण या कार्यक्रमात बरंच बोललो. मांजराचा विषय मात्र आजवर निघाला नव्हता. तो काढला एका ताईंनी. त्यांचा निरोप असा: "आमच्या बोक्याला शुगर आहे. दोन वेळा इन्सुलिन चालू आहे. चार दिवस झाले, कधी उलटी करतो, कधी पातळ संडास. एक म्हणतं दूधभात द्या, एक म्हणतं साखर-मिठाचं पाणी पाजा, जाऊबाई म्हणतात गॅसचं सिरप द्या. आज त्याने खाल्लंच नाही. मग इंजेक्शन द्यायचं का नाही?"

मांजराला कुठं शुगर असते का, असं म्हणून काही जणी हसल्या असतील. असते. आणि लासलगावसारख्या ठिकाणी, जिथे चाळीतल्या उंदरांसाठी घरटी मांजर पाळलं जातं, तिथे हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. मांजराने खाल्लं नसेल किंवा खाल्लेलं सगळं उलटून टाकलं असेल, तर नेहमीचं पूर्ण इंजेक्शन सवयीने टोचू नका. आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. ते अर्धं द्या म्हणतील किंवा ही वेळ सोडा म्हणतील. फोन लागलाच नाही, तर एक वेळ इन्सुलिन चुकल्याने जेवढं बिघडतं, त्याहून जास्त रिकाम्या पोटी पूर्ण इन्सुलिन दिल्याने बिघडतं. रक्तातली साखर एकदम खाली गेली तर मांजर तासाभरात जाऊ शकतं. पण "एक वेळ चुकलं तरी चालेल" याचा अर्थ "दोन दिवस वाट बघू" असा नाही. शुगरचं मांजर पूर्ण दिवस उपाशी राहिलं, तर शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं, रक्तात आम्ल साठतं, यकृतावर चरबी चढते. म्हणून ज्या दिवशी खाणं बंद, त्याच दिवशी दवाखाना.

आता हे सगळं एकत्र का येतं ते बघू.

आपल्या पोटात आणि मांजराच्याही पोटात स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे. डॉक्टर त्याला पॅन्क्रियाज म्हणतात. त्याच्याकडे दोन कामं आहेत. एक, इन्सुलिन रक्तात सोडायचं, म्हणजे साखर अंगात जिरते. दुसरं, अन्न पचवणारा रस आतड्यात सोडायचा. एकाच माणसाने दुकानही सांभाळावं आणि शेतही बघावं, तसं. तो आजारी पडला की दोन्हीकडे खोळंबा. शुगर असलेल्या बऱ्याच मांजरांच्या स्वादुपिंडाला सूज असते, आणि ती सूज माणसासारखी पोट धरून ओरडायला लावत नाही. मांजर फक्त गप्प बसतं, कॉटखाली जातं, ताटलीचा वास घेऊन मागे फिरतं. त्यात मांजराची ठेवण अशी की बहुतेक मांजरांत स्वादुपिंडाची नळी आणि पित्ताची नळी आतड्याच्या तोंडाशी एक होतात. त्यामुळे एका ठिकाणची सूज यकृताला आणि आतड्यालाही घेऊन बसते. म्हणजे ताईंच्या बोक्याची शुगर आणि त्याची उलटी ही दोन वेगळी दुखणी असतीलच असं नाही. एकाच घरातले दोन भाऊ असू शकतात.

शुगर ओळखायची कशी, हेही ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. मांजर एकाएकी फार पाणी पितं, फार मुततं, खातं भरपूर आणि तरी रोडावतं. मुतलेल्या जागी मुंग्या लागल्या तर लक्ष द्या. जुन्या वैद्यांनी या रोगाला मधुमेह नाव दिलं ते लघवीतल्या गोडीवरूनच. काही मांजरं मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागतात, ती साखरेने नसा दुखावल्याची खूण. बसून खाणारे, नसबंदी झालेले, वय झालेले जाड बोके यात जास्त सापडतात. एक सावधगिरी मात्र हवी. घाबरलेल्या मांजराची साखर दवाखान्यातल्या टेबलावर तशीही चढते. त्यामुळे एकाच आकड्यावर शुगर ठरवू नये. लघवी तपासतात, आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणीही असते.

खाण्याचं बोलू. इथे आमचं मत थोडं परखड आहे. मांजराला आपण दूध-पोळी खायला घालतो ते आपल्या सोयीसाठी, त्याच्या पोटासाठी नाही. मांजर हा पक्का मांसाहारी जीव. त्याच्या जिभेला गोड चव कळतच नाही, गोड ओळखणारा एक गुणसूत्रातला भाग मांजरात बंद पडलेला आहे, हे 2005 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. उंदरात पिठूळ पदार्थ जवळपास नसतातच, सगळं मांस, चरबी, हाडं, आतडी. चाळीत फिरणारं मांजर हेच खाऊन धडधाकट राहतं. तेच मांजर म्हातारपणी घरात बसतं, उंदीर सुटतात, आणि दूधभात, भाकरीचा काला, चहातली बिस्किटं यावर येतं. शंभर मिली दुधात साधारण साडेचार-पाच ग्रॅम साखर असते, दुधाची स्वतःची, आपण घातलेली नव्हे. मोठ्या मांजराला ती नीट पचत नाही, म्हणून पातळ संडास. जी पचते ती रक्तात जाते. एका वाटीने दोन्हीकडून नुकसान.

मग दूध-भात लगेच बंद करायचा का? ज्याचं इन्सुलिन चालू आहे त्याचा एका रात्रीत बंद करू नका, आणि डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तर नकोच. दूध-भाकरीवर बसवलेला डोस मांसाच्या जेवणाला जास्त होतो आणि साखर धाडकन पडते. शिवाय खाणं अचानक बदललं की पोट बिघडतं ते वेगळंच. आठ-दहा दिवसांत जुनं कमी, नवं जास्त, असं करायचं आणि त्या दिवसांत साखर मोजत राहायची. चांगली बाजू अशी, की लवकर इन्सुलिन सुरू झालं आणि खाणं सुधारलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही. माणसांना हे भाग्य कमी वेळा लाभतं.

घरी काय घालता येईल? बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, उकडलेलं अंडं, काटे काढलेला शिजवलेला मासा. पोट बिघडलेल्या दोन-तीन दिवसांपुरतं हे उत्तम. पण महिनोनमहिने नुसत्या चिकनवर ठेवलं तर हाडांना चुना कमी पडतो. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराला बाहेरूनच लागतं, ते मांसात असतं, पण उकळलेल्या पाण्यात बरंच उतरतं, म्हणून ते पाणी ओतून न देता त्यातच मांस द्यावं. टॉरिन फार दिवस कमी पडलं तर डोळे आणि हृदय जातं. बाजारातला मांजराचा ओला डबा किंवा पाऊच यात हे सगळं घातलेलं असतं. कोरड्या दाण्यांत पीठ जास्त असतं, ते शुगरला बरे नाहीत. महाग पडतं हे आम्हाला ठाऊक आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी निदान बिस्किट आणि दूध तरी तोडावं. तेवढ्यानेही फरक दिसतो.

आता पोटाच्या तक्रारी. उलटी, पातळ संडास आणि बद्धकोष्ठ, तिन्हींकडे बघायची नजर वेगवेगळी. एखाद्या वेळी केसांचा गोळा उलटून पडला आणि मांजर पुन्हा खायला लागलं, तर घाबरायचं कारण नाही. पण चाळीत वावरणाऱ्या मांजराने एकाएकी उलट्या सुरू केल्या, तर शुगरच्याही आधी उंदराच्या औषधाचा विचार करा. झिंक फॉस्फाईड खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला असेल, तर डॉक्टरांना हे पहिल्या वाक्यात सांगा आणि औषधाचं पाकीट बरोबर न्या. संडास भरपूर, फिकट, तेलकट आणि फार घाण वासाची असेल, खाऊनही मांजर वाळत असेल, तर पाचक रस कमी पडतोय अशी शंका घेतात. त्यावर खाण्यात मिसळायची पाचकाची पावडर असते. जंत हे तर आपल्याकडे नेहमीचंच, पण जंताची गोळी वजनावर द्यायची असते आणि कुत्र्याची गोळी मांजराला घालायची नसते. बद्धकोष्ठ मात्र शुगरच्या मांजराचं खास दुखणं. साखर लघवीवाटे जाताना पाणी ओढून नेते, अंग आतून कोरडं पडतं, संडासचे खडे होतात. तिथे पहिलं औषध पाणी. तीन ठिकाणी स्वच्छ पाणी ठेवा, जेवण ओलसर द्या. आणि "फार पितं म्हणून पाणी कमी करा" असं कुणी सांगितलं तर ते ऐकू नका. लहान मुलांना लावतात तो फॉस्फेटचा एनिमा मांजराला कधीही लावू नका, तो जीव घेतो. एरंडेलही नको.

साखर-मिठाच्या पाण्याचं ताईंनी विचारलंय. ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. दोन चमच्यांनी मांजराचं फार बिघडणार नाही, हे खरं. पण उलटी करणाऱ्या मांजराच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जायची भीती असते, आणि दोन चमच्यांनी त्याची तहानही भागत नाही. दवाखान्यात कातडीखाली सलाईन देतात ते पाच-दहा मिनिटांचं काम आहे. त्यासाठी जा.

आता टॉनिकं आणि पूरक गोष्टी. मेडिकलच्या काउंटरवर सगळं मिळतं, म्हणून इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. माणसांची बहुतेक सिरपं साखरेच्या पाकात असतात. भूक लागायचं, गॅसचं, बी-कॉम्प्लेक्सचं, सगळी. बाटलीवर बारीक अक्षरात काय काय घातलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर दुकानदाराला थेट विचारा, यात साखर आहे का. त्याला राग आला तर येऊ द्या.

बी-12 ची गोष्ट मात्र खरी महत्त्वाची. हे जीवनसत्त्व आतड्यात शोषायला एक मदतनीस द्रव्य लागतं. माणसात ते जठरात तयार होतं, मांजरात स्वादुपिंडात. म्हणजे स्वादुपिंड बिघडलं की बी-12 तोंडाने खाऊनही वाया जातं. ते कमी पडलं की भूक मरते, संडास सुधारत नाही, वजन घटतं, आणि आपण म्हणतो औषध लागू पडत नाही. म्हणून डॉक्टर काही आठवडे बी-12 ची छोटी इंजेक्शनं देतात. फार महाग नसतात. पोटाचं दुखणं रेंगाळलं असेल तर स्वतःहून विचारा, "याला बी-12 द्यायचं का?" हा प्रश्न विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत.

इसबगोल आपल्या घरात असतोच. साधा, बिनसाखरेचा, बिनस्वादाचा इसबगोल ओल्या जेवणात थोडासाच, भरपूर पाण्यात फुलवून, बद्धकोष्ठाला चालतो. संत्र्याच्या चवीच्या पुडीत साखर असते, ती नाही. कोरडा इसबगोल घालून पाणी कमी दिलं तर उलट अडकतो. दही चमचाभर कुणी चाटवलं तर बिघडत नाही, पण ते औषध नव्हे. जनावरांसाठी प्रोबायोटिकची पुडी मिळते, तीही डॉक्टरांना विचारून. चिकनच्या दुकानात काळीज स्वस्त मिळतं आणि मांजराला भारी आवडतं. आठवड्यात एखादा तुकडा ठीक. रोजचं काळीज म्हणजे रोजचं अ जीवनसत्त्व, आणि ते साठून मान-पाठीची हाडं आखडतात. माशाच्या काळजाच्या तेलाच्या गोळ्यांचंही तेच. कच्चा मासा तर नकोच, काही माशांत बी-1 नष्ट करणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर जातं.

कारलं, मेथी, जांभळाच्या बियांची पूड मांजराला देऊन शुगर उतरवायचा खटाटोप करू नका. उतरली नाही तर आठवडा वाया, उतरली तर वरून इन्सुलिन आहेच. सासूबाईंच्या मेटफॉर्मिनने मांजराला उलट्या होतात. माणसांना दिल्या जाणाऱ्या ज्या गोळ्या लघवीवाटे साखर काढतात, त्या जातीची मांजरांची औषधं अमेरिकेत 2022 आणि 2023 साली मंजूर झाली. पण त्यांनी पातळ संडास होते, आणि साखरेचा आकडा चांगला दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. त्यामुळे घरातली तशी गोळी तोडून मांजराला घालणं म्हणजे विषाची परीक्षा. तापाची पॅरासिटामॉल तर मांजराला एक गोळीही मारक आहे. आणि खाज किंवा आतड्याच्या सुजेसाठी स्टिरॉइड देतात, त्याने साखर चढते. नवीन डॉक्टरांकडे गेलात तर "याला शुगर आहे" हे आत शिरतानाच सांगा.

आता कांदा. 2016 साली लासलगावच्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण हाच कांदा मांजराला विष आहे. कांद्यातली गंधकाची द्रव्यं रक्तातल्या लाल पेशींना खातात. मांजराचं रक्त या बाबतीत फार नाजूक. हिमोग्लोबिनमधल्या ज्या जागांवर हा मारा होतो त्या माणसात दोन, कुत्र्यात चार आणि मांजरात आठ असतात. किलोमागे पाच ग्रॅम कांदा त्रासाला पुरतो. म्हणजे चार किलोच्या बोक्याला वीस ग्रॅम, मध्यम कांद्याची एक फोड. कच्चा असो, शिजवलेला असो, तळलेला असो किंवा वाळवलेली पावडर असो, विष जात नाही. लसूण त्याहून तेज. आणि आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट अशी, की शुगर असलेल्या मांजराच्या लाल पेशी आधीच थोड्या अशाच दुखावलेल्या असतात. निरोगी मांजर ज्यातून निभावेल, त्यात हे ढासळतं.

चाळीत कांद्याशेजारी झोपल्याने हे होत नाही, मांजर कच्चा कांदा सहसा तोंडातही धरत नाही. धोका येतो तो आपल्या मायेतून. पोट बिघडलंय, खात नाही, म्हणून आपण त्याला चिकनचा रस्सा, मटणाचं पाणी, सुपाच्या पुडीचं गरम पाणी देतो. त्यात कांदा-लसूण विरघळलेला असतो, दिसत नाही. परिणामही त्याच दिवशी दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतो. हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळ्या, लघवी चहासारखी, चालताना धाप. तोवर आपण रस्सा विसरलेलो असतो आणि वाटतं शुगरच वाढली. म्हणून मांजराचं चिकन फोडणीच्या आधी वेगळं काढायचं, मांजराचं पातेलं वेगळं ठेवायचं. घरात पाहुण्यांचा स्वयंपाक चालू असेल तेव्हा तर नक्कीच.

इन्सुलिनबद्दल दोन गोष्टी राहिल्या. आपल्याकडे चाळीसच्या ताकदीची बाटली मिळते आणि शंभरच्या ताकदीचं पेनही. चाळीसची सिरिंज लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजने दोनच्या खुणेपर्यंत भरलं, तर मांजराच्या अंगात दोन नाही, पाच युनिट जातात. घरात सासऱ्यांचं इन्सुलिन आणि बोक्याचं इन्सुलिन एकाच फ्रिजमध्ये असेल तर डबे वेगळे, डब्यावर चित्र काढा, म्हणजे कुणीही दिलं तरी घोटाळा नको. दुसरी गोष्ट, साखर पडल्याची खूण. मांजर झोकांड्या देतं, डोळे ताठ, अंग ढिलं, झटके. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, साखरेचा पाक, मध किंवा गुळाचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. शुद्ध नसेल तर तोंडात ओतू नका, बोट दातांत अडकेल तेवढं आत घालू नका. जरा हुशारी आली की खायला द्या आणि तसंच उचलून दवाखान्यात न्या, कारण इन्सुलिनचा असर अजून उरलेला असतो.

साखर मोजायला घरातलं माणसांचं यंत्र चालतं. कानाच्या कडेला टोचून एक थेंब पुरतो. माणसांचं यंत्र मांजराचा आकडा थोडा कमी दाखवतं, तेवढं डॉक्टरांना माहीत असू द्या.

बचत गटाच्या जुन्या वहीची मागची पानं या कामाला छान. रोजची तारीख, सकाळ-संध्याकाळ किती खाल्लं, किती युनिट दिलं, उलटी किती वेळा, संडास कशी, आणि त्या दिवशी नवीन काय पोटात गेलं. चार दिवसांची ही नोंद आणि संडासचा थोडा नमुना बंद डबीत, एवढं घेऊन गेलात तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं. मांजराला पिशवीत नको, झाकणाच्या टोपलीत किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात न्या. गावातल्या सरकारी दवाखान्यात मांजर कमी येतात, डॉक्टर तुम्हाला निफाडला किंवा नाशिकला जा म्हणतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा फोन आहे. त्यावर आधी विचारून घ्या की मांजर बघतील का, आणि त्यांना पहिलं वाक्य हेच सांगा: मांजराला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, आणि अमुक वेळेपासून खाल्लेलं नाही.